चार मागांच्या आवाजात आठ महिने: विपश्यना आणि एक वही

मोबाईल घेतला की सहा महिन्यांनी लोक लिहितात, बॅटरी किती टिकली, कुठं गरम झाला. ध्यानाबद्दल असं फारसं कुणी लिहीत नाही. पहिल्या आठवड्यात भारावलेले असतात तेव्हा पानंच्या पानं लिहितात आणि सोडून दिलं की गप्प बसतात. मी फेब्रुवारीत इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तेव्हापासून घरी बसतोय. आठ महिने झाले. बेळगावच्या वडगावात माझे चार यंत्रमाग आहेत. वय 46, गुडघे त्याहून म्हातारे. मला कुठला प्रकाश दिसला नाही, नाद ऐकू आला नाही. तो ज्यांना हवा असेल त्यांनी इथंच थांबलेलं बरं.

गेलो बायकोमुळं. ती एकदा म्हणाली, "मागांचा आवाज सहन होतो ओ, तुमचा होत नाही." त्या दिवशी मी कांड्या भरणाऱ्या पोराला एका गुंत्यासाठी गल्लीला ऐकू जाईल असं झापलं होतं.

शिबिराला फी नसते. राहण्या-जेवणाचा खर्च आधी शिबिर केलेल्या लोकांच्या दानातून निघतो, आपण द्यायचं असेल तर शेवटी. माझा खर्च म्हणजे बेळगावहून मुंबईची रात्रीची बस आणि कल्याणहून पुढं रेल्वे. मोबाईल, पुस्तक, वही, पेन सगळं पहिल्याच दिवशी जमा. पहाटे 4 ला घंटा, साडेचारला बसायचं, रात्री साडेनऊला दिवे बंद, मध्ये मिळून दहाएक तास बैठक. शेजारच्याशी बोलायचं नाही, खुणासुद्धा नाहीत. मौन सुटतं ते दहाव्या दिवशी. पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर, येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, मंत्र जोडायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते: डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत जायचं, जी संवेदना लागेल ती बघायची आणि तिच्यावर चिडायचं नाही, भाळायचंही नाही. सांगायला दोन वाक्यं. पाचव्या दिवशी तासभर न हलता बसलो तेव्हा उजवा गुडघा सोडून जगात दुसरं काही नव्हतं.

शिकवणं चालतं ते सत्यनारायण गोयंकांच्या ध्वनिमुद्रणावर. 1924 साली मंडालेत जन्मलेला, धंद्यात मुरलेला हा माणूस अर्धशिशीनं हैराण होऊन 1955 साली विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडं गेला. हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. भगव्या कपड्यातलं कुणी असतं तर मी कदाचित जांभया दिल्या असत्या. एक व्यापारी, एक सरकारी हिशेबनीस, दोघेही संसारी, हे ऐकून जरा सरसावून बसलो.

तसं आमच्या गल्लीला डोळे मिटून बसणं नवीन नाही. माझे वडील माळकरी, त्यांचं म्हणणं, "नाम न घेता नुसतं नाक काय बघायचं?" पलीकडच्या जैन काकू रोज सामायिक करतात, बरोबर 48 मिनिटं, दोन घटका. समोरचे लिंगायत अज्जा पहाटे अंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि त्यावर नजर लावून बसतात. मी त्यांच्यापुढं एकदा रडगाणं गायलो, मन लागत नाही, पाय दुखतात, अमुक तमुक. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुम्मन कुंद्रप्पा." नुसता बस बाबा. आठ महिन्यांत मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच, आणि तोही फुकट.

घरी शिबिरासारखं काही नसतं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसावं असं तिथं सांगतात. खरं सांगायचं तर माझं सकाळचं 40-45 मिनिटांवर येतं आणि संध्याकाळचं पहिल्या महिन्यातच बारगळलं. संध्याकाळी बसलो की झोप. एकदा घोरलो, पोरगी हसत सुटली.

आवाजाचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटला होता. वडगावात माग सुरू झाले की भिंतीतून, फरशीतून खटक-खटक अंगात येतं. म्हणून शांतता शोधायला निघालो. रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो. वर वारा कानात शिट्ट्या मारतोय आणि फोटो काढणाऱ्यांची जत्रा. मग बेळगावच्या किल्ल्यातल्या रामकृष्ण आश्रमात चारदा जाऊन बसलो, तिथं खरंच बरं वाटलं. विवेकानंद 1892 साली बेळगावात मुक्कामाला होते, त्या आठवणी तिथं जपल्यात. पण रोज वडगावातून किल्ल्यात जायचं तर मागावर कोण उभं राहणार? मोबाईलवर बासरी वाजणारं एक ॲप घेतलं, ते आठवडाभरात काढून टाकलं. बासरीनं छान वाटायचं आणि छान वाटण्यातच वेळ जायचा.

मग मेमध्ये एका सकाळी उशिरा बसलो होतो. शेजारचे माग चालू, माझा एक चालू. अचानक लाईट गेली. सगळी गल्ली एका क्षणात गप्प. आणि त्या शांततेत माझ्या डोक्यात जे काय चाललं होतं ते ऐकू आलं: त्या व्यापाऱ्यानं सहा साड्या परत केल्या त्याला काय बोलायचं, तो काय बोलेल, मग मी काय बोलेन. पूर्ण संवाद, हातवाऱ्यांसकट. उजव्या हाताची मूठ वळलेली होती. हा कारखाना आवाजाच्या आड रोजच चालत असणार. वीसेक मिनिटांनी लाईट आली, माग परत धडधडले, तोवर मी मूठ उघडून तशीच मांडीवर ठेवली होती. तेव्हापासून आवाजाची तक्रार बंद. चार माग चालू असताना एकाचा धागा तुटला तर मला पाठ फिरवूनही कळतं, आवाज बदलतो. तेवढंच लक्ष आता छातीत काय आवळतंय तिकडं ठेवायचं.

आता वहीबद्दल. हे शिबिरात शिकवत नाहीत, तिथं तर लिहायलाच बंदी. ही माझी भर आहे, दोष असेल तर माझाच. दोनशे पानी वही, रात्री झोपण्याआधी चार ओळी. आज कुठं चिडलो, त्याआधी काय झालं होतं, आणि मी कुणाला काय सांगितलं. उपदेश लिहायचा नाही, सुविचार तर नाहीच. पहिला महिना अगदी टाकाऊ. "आज मन शांत होतं" हे वाक्य अकरा वेळा सापडलं, त्यातल्या निदान पाच दिवशी मी भांडलो होतो.

जूनमध्ये पावसानं घरात अडकलो तेव्हा मागची पानं चाळली. पोरावर ओरडल्याचे दिवस आणि साड्या परत आल्याचे दिवस जवळजवळ तेच. म्हणजे राग व्यापाऱ्याकडं दाखवायची हिंमत नाही म्हणून पोरावर काढायचा. हे कळायला इगतपुरी कशाला, बायकोला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. माझ्याच अक्षरात होतं म्हणून वाद घालायला कुणी सापडलं नाही.

दुसरी गोष्ट लिहावी का नाही, चार दिवस विचार करतोय. धाकट्या भावाचं नाव वहीत सारखं येत होतं. अकरा वर्षांपूर्वी आमची वाटणी झाली. तेव्हापासून मी पाहुण्यांना, मागवाल्यांना, परक्यालासुद्धा सांगत आलोय की भावानं रस्त्याकडची जागा मारली. वहीत हे वाक्य सात ठिकाणी होतं आणि सातही ठिकाणी शब्दाला शब्द तेच. कोर्टात पाठ केलेल्या साक्षीसारखं. ऑगस्टमध्ये एका सकाळी बसलो असताना, श्वासावर वगैरे लक्ष असताना, ती वाटणीची दुपार समोर आली. मी काही आठवायला बसलो नव्हतो. वडील म्हणाले होते, चिठ्ठ्या टाकू. भाऊ म्हणाला, "चिठ्ठ्या कशाला, दादा आधी घेऊ दे." आणि मी लगेच म्हणालो होतो, "नवे चार माग मला, रस्त्याकडची खोली तुला." इतकं लगेच, की भात वाढायला निघालेल्या आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तो डाव मला स्पष्ट दिसला, त्याला चिकटलेल्या शितांसकट.

माणूस म्हणेल, वा, आतलं ज्ञान मिळालं. मी पुढचे दोन दिवस बसलोच नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. ती गवारी मोडत होती, म्हणाली, "मला माहीत होतं की. तुम्ही कधी विचारलं?"

बाकी किरकोळ. रक्तदाब गोळीवरच आहे, गोळी बंद करू नका. झोप सुधारली. गुडघ्यासाठी खाली घडी केलेली सतरंजी आणि मागं उशी घेतो. खुर्चीवर बसलं तरी चालतं, शिबिरातही गरजूंना खुर्ची देतात. ज्यांचं मन आधीच फार खचलेलं आहे, औषधं चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या मौनाला जाऊ नये. अर्जात ते विचारतातच, तिथं लपवू नका. आणि चिडणं गेलं का? नाही. पण झापायला तोंड उघडायच्या आधी मूठ वळते, ती हल्ली दहातल्या तीन-चार वेळा कळते. उरलेल्या वेळी नंतर वहीत कळते.

भावाशी अजून बोललो नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या मागाचा पट्टा तुटला म्हणून जादाचा पट्टा मागायला तो आला. दिवाळीचा माल अंगावर, त्यामुळं घाईत होता. मी दिवसाच वही काढून काहीतरी खरडत होतो.

"काय करूलास दादा?"

"हिशेब," म्हटलं.

"कुठल्या सालचा?" असं म्हणून तो खिळ्यावरचा पट्टा घेऊन गेला.