एनसीडीयू: डिस्क फुल झाली की मी पहिलं उघडतो ते टूल

परवा सकाळी सव्वादहाला डिस्पॅचमधनं फोन. "दादा, बिल निघंना झालंय, गाडी लोड हून गेटला उभी हाय, ड्रायव्हर डोकं खायलाय." मी उद्यमनगरात, ज्यांचा सर्व्हर मी बघतो ती फौंड्री शिरोली एमआयडीसीत, त्या वेळेला तावडे हॉटेलच्या चौकात काय ट्रॅफिक असतंय ते कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून गाडी काढायच्या आधी लॅपटॉप उघडला आणि एसएसएच मारलं, म्हणजे लांबनंच सर्व्हरच्या टर्मिनलवर गेलो. लॉगिन झालं, कमांड पूर्ण करायला टॅब दाबला तर बॅशनंच (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तक्रार केली की टेंपररी फाइल बनवता येईना, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. टॅबला हा मेसेज आला की समजायचं, रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिम असलेला डिस्कचा मुख्य भाग, काठोकाठ भरलंय. डीएफ -एच (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड) बघितलं, १०० टक्के.

अशा वेळेला मी एनसीडीयू उघडतो, कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्लीय ते दाखवणारं टूल. सात-आठ वर्षं वापरतोय, आणि आज नीट लिहितोय कारण आमच्याकडं जी नवीन पोरं सर्व्हर बघायला येतात ती अजून डीयू (फोल्डरचा आकार सांगणारी साधी कमांड) मारत बसतात, एक फोल्डर बघायचा, मग त्याच्या आतला, मग त्याच्या आतला, आणि दरवेळी तेच सगळं परत मोजायचं. हार्ड डिस्कवरच्या सर्व्हरला एकेका फेरीला पाच-पाच मिनिटं जातात आणि तिकडं गाडी गेटला उभी असते. एनसीडीयू एकदाच सगळं मोजतं आणि मग यादी समोर ठेवतं, सगळ्यात मोठं वर, बाजूला आकाराची पट्टी, एंटर मारला की आत, डावा बाण मारला की बाहेर. परत मोजणं नाही. माउस नको, ग्राफिकल डेस्कटॉप नको, काळ्या टर्मिनलवर चालतंय. योरान हेलिंग नावाच्या माणसानं २००७ पासून हे सांभाळलंय, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि इतक्या वर्षांत त्यात फालतू काही घुसडलेलं नाही याचं मला खरंच कौतुक वाटतं.

तर परवाचं सांगतो. एनसीडीयू -एक्स आणि रूटचा स्लॅश. ही -एक्स कधी विसरायची नाही, त्यानं ते त्याच एका फाइलसिस्टिमवर राहतं, नाहीतर बॅकअपची डिस्क, नेटवर्कवरचा शेअर सगळीकडं हिंडत बसतं आणि आकडा काहीच्या काही येतो. दोन मिनिटांत मोजून झालं. वर मायएसक्यूएल या डेटाबेसचा फोल्डर, त्यात २२ जीबी बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंद. मायएसक्यूएल ८ पासून बायनरी लॉग आपोआप चालू असतात आणि कुणी काही बदललं नसेल तर ३० दिवस ठेवतात, म्हणजे ज्याला रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी ठेवणं) बिप्लिकेशन काही नाही त्याच्याकडं पण ते साठत राहतात. खाली जर्नलडीचे, म्हणजे सिस्टिमच्या लॉगचे, ४ जीबी, ते पण ठरलेलंच, पार्टिशनच्या १० टक्के किंवा ४ जीबी यातलं जे कमी ते. हे सगळं ओळखीचं होतं. पण खाली एकूण बेरीज बघितली तर ६१ जीबी, आणि डीएफ म्हणतंय ९५ जीबी वापरलेत. पार्टिशन १०० चं आहे, त्यातले ५ टक्के ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) रूट युजरसाठी, म्हणजे अ‍ॅडमिनसाठी, राखून ठेवतंय, म्हणून ९५ लाच बाकीच्यांसाठी फुल झालं, तेवढं ठीक. मधले ३४ जीबी गेले कुठं?

एनसीडीयू जे दाखवतं त्याच्याइतकंच ते जे दाखवत नाही त्यात पण उत्तर असतं, ही गोष्ट पोरांना मी सारखी सांगतो. ते फोल्डर फिरून फाइली मोजतं. ज्या फाइलीचं नाव फोल्डरमधनं गेलंय पण एखाद्या चालू प्रोसेसनं ती अजून उघडी धरलीय, ती त्याला दिसणारच नाही. युनिक्सवर आरएम (फाइल उडवायची कमांड) मारलं म्हणजे फक्त नाव पुसलं जातं, शेवटच्या प्रोसेसनं हात सोडेपर्यंत डिस्कवरची जागा तशीच अडकलेली राहते. मग दुसरी कमांड, एलएसओएफ +एल१, म्हणजे ज्यांच्या नावाच्या लिंका शून्य झाल्यात पण उघड्या आहेत अशा फाइली दाखव. आणि तिथं दिसली ओळ, जावाची प्रोसेस, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) २११४, डिस्क्रिप्टर (त्या प्रोसेसनं उघडलेल्या फाइलीचा नंबर) ७, आकार ३४ जीबी, आणि शेवटी कंसात डिलीटेड. ईआरपीचा, म्हणजे बिलं काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा, लॉग.

विचारल्यावर कळलं. ज्या पार्टीचं सॉफ्टवेअर आहे त्यांचा पोरगा आदल्या दिवशी रिमोटवर आला होता, लॉग मोठा झालाय म्हणून त्यानं तो उडवला आणि गेला. डीएफ परत बघितलं नाही. सर्व्हिस रिस्टार्ट केली असती तर जागा सुटली असती, पण मला भर दिवसा चौदा जण लॉगिन असताना रिस्टार्ट करायची नव्हती, म्हणून प्रॉक फोल्डरमधनं (चालू प्रोसेसची माहिती तिथं असते) त्याच पीआयडीच्या एफडीतल्या ७ नंबरवर कोलन आणि मोठं-पेक्षा चिन्ह मारून फाइल शून्य केली. डीएफ १०० वरनं ६५ टक्क्यांवर. डिस्पॅचला फोन करून सांगितलं परत ट्राय कर म्हणून, "निघालं दादा," आणि माझा जीव भांड्यात पडला. फोन आल्यापासनं बावीस मिनिटं.

म्हणजे एनसीडीयूनं उत्तर दिलं नाही, पण दोन मिनिटांत खात्रीनं सांगितलं की चोर माझ्या यादीत नाही, आणि डीयूनं फोल्डर-फोल्डर उकरत बसलो असतो तर अर्धा तास त्या २२ जीबीच्या बायनरी लॉगच्याच मागं लागलो असतो. तिथं अजून एक धोका. बायनरी लॉग आरएमनं किंवा एनसीडीयूच्या डी बटणानं कधीच उडवायचे नाहीत, मायएसक्यूएलची इंडेक्स फाइल आणि प्रत्यक्षातल्या फाइली जुळेनाशा होतात आणि आगीतनं फुफाट्यात. मायएसक्यूएलमध्ये जाऊन पर्ज बायनरी लॉग्ज म्हणायचं, ते स्वतःच नीट आवरतंय.

या डी बटणाबद्दलच माझी मोठी तक्रार आहे. यादीत फिरताना डी दाबलं की समोरची फाइल उडवू का विचारतं, ठीक, विचारतं तरी. पण त्याच चौकटीत परत विचारू नको असाही पर्याय दिलाय, आणि घाईतला माणूस तेच निवडतो. रूट म्हणून चालणाऱ्या टूलमध्ये ही सोय नको होती. मी सगळ्या सर्व्हरवर एलियस करून ठेवलाय, एनसीडीयू म्हटलं की -आर लागूनच चालू होतं, म्हणजे नुसतं बघायचं, उडवायचं नाही. उडवायचं असेल तर बाहेर येऊन हातानं पूर्ण पाथ टाइप करायचा, तेवढ्या वेळात डोकं एकदा तरी विचार करतंय.

दुसरी केस राजारामपुरीतल्या एका क्लासच्या वेबसाइटची, २० जीबीचा छोटा व्हीपीएस, म्हणजे व्हर्च्युअल सर्व्हर. तिथं डीएफ -एच म्हणतंय ६० टक्के आणि साइट म्हणतेय नो स्पेस लेफ्ट. लोक इथं गोंधळतात. तोच मेसेज आयनोड (प्रत्येक फाइलीला एक लागणारी नोंद) संपले तरी येतो, आणि ते डीएफ -आय मारल्याशिवाय दिसत नाही. ईएक्सटी४ बनवताना साधारण दर १६ केबीला एक आयनोड या हिशोबानं संख्या ठरते, २० जीबीला १३ लाख १० हजार, आणि फाइलसिस्टिम मोठी केल्याशिवाय नंतर ती वाढवता येत नाही. एनसीडीयूत छोटा सी दाबला की प्रत्येक फोल्डरमध्ये किती फाइली आहेत ते दिसतं आणि शिफ्ट धरून मोठा सी दाबला की त्या संख्येनं यादी लागते. पहिल्याच नंबरला सेशनचा (साइटवर येणाऱ्यांच्या तात्पुरत्या नोंदींचा) फोल्डर, अकरा लाखाच्या वर फाइली, आणि आकारानं लावलेल्या यादीत तो कुठंतरी खाली पडलेला, कुणाचं लक्षच जाणार नाही. कारण असं की डेबियन-उबुंटूवर पीएचपीनं (साइट ज्यात लिहिलीय ती भाषा) स्वतः जुने सेशन झाडायचं बंद ठेवलेलं असतं, ते काम एक टायमर करतो, पण तो फक्त पीएचपीच्या सेटिंगमध्ये लिहिलेल्या फोल्डरला झाडू मारतो. त्या साइटच्या कोडमध्ये सेशनचा पाथ वेगळा दिला होता, तिथं झाडणारं कुणीच नाही. आरएम स्टार केलं तर आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग, मग फाइंडला एक दिवसापेक्षा जुन्या फाइली सांगून -डिलीट लावलं, बराच वेळ लागला पण साफ झालं. मोठा सी हे एकच बटण माझ्यासाठी या टूलची निम्मी किंमत वसूल करतंय.

तिसरी गोष्ट पटकन सांगतो कारण ती प्रत्येकाला एकदा तरी भेटतेच. लाइट जाऊन आल्यावर बॅकअपची डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही, रात्री आरसिंकनं (कॉपी करणारं टूल) मुकाट्यानं रूट पार्टिशनवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये सगळा बॅकअप ओतला, सकाळी कुणीतरी डिस्क माउंट केली आणि खालचा डेटा झाकला गेला. एनसीडीयूला दिसत नाही, एलएसओएफला दिसत नाही, काखेत कळसा आणि गावाला वळसा. रूटचं बाइंड माउंट (तीच फाइलसिस्टिम दुसऱ्या ठिकाणी परत जोडणं) दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर करायचं आणि एनसीडीयू त्याच्यावर चालवायचं, मग झाकलेलं सगळं उघडं पडतं.

कमी नेटवर कसं चालतं हे पण सांगायला पाहिजे. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद, फौंड्रीकडं जायचा प्रश्नच नव्हता. सर्व्हर वरच्या मजल्यावर होता, जनरेटर रोज थोडा वेळ चालवायचे, तेवढ्यात मला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरनं काम उरकायचं होतं. मोजताना एनसीडीयू सेकंदाला दहा वेळा स्क्रीन बदलतं, तुटक्या नेटवर तेवढ्यानंही टर्मिनल अडकत होतं, -क्यू लावलं तर दोन सेकंदांनी एकदाच बदलतं. आणि त्याहून चांगलं म्हणजे -ओ देऊन सगळं मोजलेलं एका फाइलीत काढायचं, ती दाबून आपल्याकडं आणायची आणि घरी -एफनं उघडून निवांत बघायचं, तोपर्यंत तिकडं जनरेटर बंद झाला तरी फरक पडत नाही. त्या आठवड्यात ही सोय नसती तर मी काही करू शकलो नसतो.

वेगाचं बोलायचं तर गो भाषेत लिहिलेलं जीडीयू हे असलंच टूल एसएसडीवर चांगलंच फास्ट आहे. एनसीडीयूची २ ची मालिका झिग भाषेत नव्यानं लिहिलीय, मेमरी कमी खाते, नव्या व्हर्जनमध्ये -टी देऊन अनेक थ्रेडवर मोजता पण येतं. पण उबुंटू २२.०४, २४.०४ ला एपीटीनं (उबुंटूचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायचं टूल) घेतलं तर जुनी सी भाषेतली १ ची मालिकाच मिळते. माझं त्यानं काही अडत नाही. ज्यांच्याकडं कोटीभर फाइली आहेत त्यांनी एनसीडीयूच्या साइटवरनं तयार स्टॅटिक बायनरी (इन्स्टॉल न करता चालणारी फाइल) घ्यावी.

आणि हे आजच टाकून ठेवा, गरज लागल्यावर नको. डिस्क फुल असताना एपीटी इन्स्टॉलच होत नाही, त्याला पण लिहायला जागा लागते. तशीच वेळ आलीच तर आधी एपीटी क्लीन मारून बघा, नाहीतर ती स्टॅटिक बायनरी एससीपीनं (एसएसएचवरनं फाइल कॉपी करणारी कमांड) डेव्हमधल्या एसएचएम फोल्डरला टाका, तो रॅममध्ये असतो, तिथनं चालते. मी दोनदा असं केलंय.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या डी बटणाचा.

परवाचं काम झाल्यावर संध्याकाळी बसलो. दर रविवारी रात्री क्रॉनमधनं (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं) एनसीडीयूची फाइल दुसऱ्या डिस्कवर निघत असते, ती मी फक्त काही बिघडलं की उघडायचो. मागच्या दोन रविवारच्या उघडल्या. पहिल्या रविवारी तो ईआरपीचा लॉग ३ जीबी, दुसऱ्या रविवारी १९. म्हणजे मधल्या आठवड्यात कुणीतरी डीबग लॉगिंग (बारीकसारीक सगळं लॉगमध्ये लिहिणं) चालू करून तसंच सोडलेलं. दोन्ही स्क्रीनचे फोटो त्या पार्टीला पाठवले, त्यांनी रात्रीच डीबग बंद केलं. लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग बाजूला काढणारं टूल) त्या फाइलीला कॉपीट्रंकेट लावलं, म्हणजे कॉपी काढून मूळ फाइल तिथंच रिकामी करायची, रोज फिरवायची, सात कॉप्या ठेवायच्या, आणि सोमवारी सकाळी चहाच्या आधी रविवारची फाइल उघडायची हे आता डिस्पॅचमधल्या पोराला पण शिकवलंय, त्याला बाण आणि एंटर एवढंच लागतंय.