बार्बर: मेणकापडी जाकीट, पाच पिढ्यांचं

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्समध्ये १८९४ साली जॉन बार्बर यांनी खलाशी आणि गोदी कामगारांसाठी ऑइलस्किनचे, म्हणजे तेल लावून पाणी रोखणाऱ्या कापडाचे, कपडे विकायला सुरुवात केली. १९३६ मध्ये मोटरसायकलस्वारांसाठी 'इंटरनॅशनल' हे जाकीट आलं. पण आज दुकानात दिसतं ते बरंचसं घराण्याच्या सून मार्गारेट बार्बर यांनी डिझाइन केलेलं: १९८० चं आखूड 'बीडेल' आणि १९८३ चं 'ब्युफर्ट'. ब्युफर्टला मागे आडवा, शिकार ठेवायचा खिसा असतो. कंपनी अजून बार्बर घराण्याचीच आहे.

जाकीट महाग आहे, शिवाय वर्षातून एकदा मेण द्यावं लागतं. ते टाळलंत तर कोपर, खांदे आणि खिशांच्या कडा कोरड्या पडून आधी तिथूनच पाणी झिरपतं. गार पाण्याच्या स्पंजने धूळ पुसून पूर्ण वाळवा. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करा, स्पंजने पातळ थर द्या, शिवणींवर जरा जास्त. कॉर्डुरॉयची कॉलर आणि अस्तर वगळा, डाग जात नाहीत. वरून हेअर ड्रायर फिरवला की पांढरे पट्टे मुरतात. रात्रभर एकटं टांगून ठेवा.

वॉशिंग मशीन, साबण, ड्रायक्लीनिंग, इस्त्री: सगळं वर्ज्य. मेण एकदा निघालं की उरतं साधं सुती कापड. मुंबईच्या दमट कपाटात ओलसर ठेवलंत तर बुरशी धरलीच समजा. नव्याला तेलकट वास येतो. गाडीच्या फिकट सीटला डागही लागतात.