व्हूडू २ ची "जोडी" घेताना सावध राहा, माझे चौदा हजार गेले

जुन्या कॉम्प्युटरसाठी थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची (गेमचं थ्रीडी चित्र काढणारी ग्राफिक्स कार्डं) जोडी कोणी "मॅच्ड पेअर, एसएलआय टेस्टेड", म्हणजे दोन्ही सारखी आणि एकत्र जोडून चालवून पाहिलेली, म्हणून विकत असेल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचून घ्या, खास करून आपल्यासारखे खेड्यातले, कारण आपण जाऊन वस्तू हातात घेऊन पाहू शकत नाही हे त्या लोकांना पक्कं माहीत असते.

मी दारव्हा तालुक्यातला. तालुक्याला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तिथली पेन्टियम थ्री, विंडोज ९८ वाली मशीन माझ्याकडे आहे. १९९८ ला व्हूडू २ आलं तेव्हा आपल्या घरी ते कोण घेऊन देणार होतं, म्हणून यंदा सोयाबीनच्या पैशातून बाजूला काढले. एका कार्डावर स्क्रीनचं रिझोल्यूशन ८०० बाय ६०० च्या वर जाता येत नाही, पण दोन कार्डं आतून पट्टी केबलने जोडली की स्क्रीनची एक ओळ एक कार्ड काढते, पुढची ओळ दुसरं, आणि १०२४ बाय ७६८ मिळते. तेच पाहायचं होतं.

विकणारा फोनवर म्हणे, "भाऊ, दोन्ही १२ एमबी, एकाच कंपनीचे, टेन्शनच नका घेऊ. तुमच्या गावाले कुरिअर येत नाही ना, मंग पेमेंट पूर्ण टाका, मी एसटीनं पार्सल पाठवतो." फोटो दोन पाठवले. नंतर नीट पाहिलं तर दोन्ही फोटो एकाच कार्डाचे, फक्त उजेड वेगळा, पत्र्याच्या पट्टीजवळचा ओरखडासुद्धा तोच.

पार्सल उघडलं तर कार्डं दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन्हीवर पांढरं स्टिकर, पेनाने "१२ एमबी". एकाचं स्टिकर नखाने काढलं, गोंद अजून ओला होता, आणि खाली मेमरी चिपच्या जागा रिकाम्या, नुसते टिनाचे ठिपके. १२ एमबीवर अर्ध्या एमबीच्या २४ चिपा लागतात, त्यावर १६ च होत्या, म्हणजे सरळ सरळ ८ एमबीचं कार्ड. अशी जोडी लावली तर १२ वालं पण ८ सारखंच चालते, त्याचे जास्तीचे पैसे पाण्यात. आणि दोन कार्डांची मेमरी मिळून २४ होते असं कोणी सांगत असेल तर तेही खोटं, टेक्स्चर (गेममधल्या भिंती, जमिनीवर चिकटवलेली चित्रं) दोन्हीकडे तेच भरावे लागतात.

बरं एवढ्यावरही भागलं असतं, पण १२ वाल्याच्या मोठ्या चिपचे दोन पाय वाकून एकमेकांना टेकलेले, वरून डाग देऊन पिवळा चिकट फ्लक्स (डाग देताना लावतात तो) तसाच सोडलेला. चालू केल्यावर गेममध्ये एक ओळ साफ, एक ओळ कचरा, वरपासून खालपर्यंत. एक कार्ड काढून दुसरं एकटं लावलं की कोणतं खराब ते लगेच कळते.

फोन केला तर आधी "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम हाये" म्हणाला, मग नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, तिथे ट्रान्झॅक्शन आयडी विचारतात, चॅटचे स्क्रीनशॉट आणि तो आयडी जपून ठेवा आणि उशीर करू नका, पैसे पुढे सरकले की थांबवणं कठीण जाते.

घ्यायचंच असेल तर दोन्ही कार्डं एकाच फोटोत मागा, पुढून आणि मागून, बाजूला कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून. स्टिकर असेल तर काढून दाखव म्हणा. चिपा मोजा, पाय झूम करून पाहा. मोजो नावाचं छोटं टूल प्रत्येक कार्डाची मेमरी दाखवते, त्याचा चालता व्हिडिओ मागा. खरा माणूस पाच मिनिटात करून देतो, बाकीचे "विश्वास नाही का भाऊ" सुरू करतात.

परवा तेच दोन फोटो नव्या जाहिरातीत दिसले, नाव वेगळं, भाव सोळा हजार. पट्टीजवळ आडवा ओरखडा आणि पांढरं स्टिकर दिसलं तर पैसे टाकू नका.