लाकूड नाही, पत्रा नाही: न्युबियन कमानी छत
पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत काम करणारी, 2000 साली सुरू झालेली ‘ला वूत न्युबिएन’ (न्युबियन कमान; न्युबिया म्हणजे नाईलकाठचा इजिप्त-सुदानमधला प्रदेश) ही संस्था असं छत बांधणारे गावातलेच गवंडी तयार करते. त्यांचं कच्च्या विटांचं छत उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा कितीतरी थंड. सेंटरिंग, म्हणजे खालून आधार देणारा साचा, लागतच नाही: मागच्या भिंतीला टेकवून एकेक थर तिरका रचतात, ताणलेली तार गोलाई राखते. छताची वीट जेमतेम 4 सेंमी जाड, म्हणून चिखलात चिकटून राहते. जड वीट घसरते. भिंती 60 सेंमी, खोलीची रुंदी सव्वातीन मीटरच्या आत. इथे हौस नको, कमानीचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. खरी डोकेदुखी पाण्याची. गिलाव्याखाली प्लास्टिकचा कागद हवाच, पन्हळी मोकळ्या हव्यात, पावसाळ्याआधी लिंपण तपासायचं. मजुरी भरपूर, साहित्य मात्र जवळपास फुकट.