कॅशे आपोआप साफ करणारं प्लगिन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

"ताई, तुमच्या पानावर आजची तारीख बघून पिकअप भरली. इथं लिलावात क्विंटलमागं दोनशेनं कमी निघाला." निफाडकडच्या एका काकांचा हा फोन आला आणि मी हातातलं काम टाकून साइट उघडली. तारीख आजची, भाव कालचा. डेटाबेसमध्ये सकाळच्या लिलावाचा भाव बरोबर भरलेला होता, पण पान जुनंच दिसत होतं.

आमची साइट लहान आहे. वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर), शेअर्ड होस्टिंग (अनेक साइट्सचा मिळून एक सर्व्हर), नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव आणि थोडे लेख. कॅशे म्हणजे पान पटकन दाखवता यावं म्हणून साठवून ठेवलेली त्याची तयार प्रत. 'मजकूर बदलला की कॅशे आपोआप साफ' एवढ्या एका सोयीसाठी मी या प्लगिनचे, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या या तयार कोडचे, वर्षाचे पैसे भरले होते. लेखांच्या बाबतीत ते चोख आहे. लेख दुरुस्त केला की त्याचं पान, मुखपृष्ठ, वर्गवारीचं पान, फीड, सगळं लगेच ताजं होतं. पूर्वी दर वेळी हाताने सगळी कॅशे पुसावी लागायची आणि मग पानं नव्याने तयार होईपर्यंत साइट रडतखडत चालायची. तो त्रास संपला.

पण भाव लेखातून येत नाहीत. आमची स्क्रिप्ट ते थेट डेटाबेसच्या तक्त्यात लिहिते. वर्डप्रेसमध्ये पोस्ट, म्हणजे लेख, जतन झाली की 'सेव्ह_पोस्ट' हा हुक (इतर कोडला मिळणारी सूचना) चालतो आणि प्लगिन त्याच्याकडे कान लावून बसलेलं असतं. थेट तक्त्यात लिहिलं तर तो हुक चालतच नाही. म्हणजे प्लगिनच्या लेखी काही बदललेलंच नाही, आणि पान २४ तास तसंच. ही मर्यादा माहितीपत्रकात एका ओळीत लिहायला काय हरकत होती? विकताना 'मजकूर' म्हणायचं आणि प्रत्यक्षात फक्त 'पोस्ट' बघायची, याचा मला अजून राग आहे.

सपोर्टकडून तीन दिवसांनी उत्तर आलं : ब्राउझरची कॅशे साफ करा. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या फोनची कॅशे मी कशी साफ करणार? पुढचा सल्ला, कॅशेचं आयुष्य एक तास ठेवा. ठेवलं, तर दर तासाला सगळी पानं पुन्हा तयार होऊ लागली आणि होस्टिंगवाल्यांनी सीपीयूची मर्यादा ओलांडल्याची नोटीस पाठवली. शेवटी प्लगिनचा कोड वाचला. एकाच पानाची कॅशे पुसणारं फंक्शन त्यात आधीपासून होतं. स्क्रिप्टच्या शेवटी चार ओळी घातल्या : ज्या बाजार समितीचा भाव बदलला तिचं पान आणि मुखपृष्ठ, एवढंच पुसायचं.

इथवर लिहून दोन तारे देणार होते. मग माझ्याच फोनवर पुन्हा जुना भाव दिसला, सर्व्हरवरचं पान ताजं असताना. सपोर्टचं म्हणणं अर्धं खरं होतं. प्लगिनच्या एका सेटिंगमुळे पानासोबत 'मॅक्स-एज' ३६०० सेकंद (साठवलेली प्रत इतका वेळ वापरा, ही ब्राउझरला सूचना) जात होतं. एकदा ते फोनपर्यंत पोचलं की तासभर ब्राउझर सर्व्हरला विचारतही नाही, आणि सर्व्हरवर कितीही पुसलं तरी त्या फोनवर फरक पडत नाही. भावाच्या पानांना आता 'नो-कॅशे' लावलंय. नाव फसवं आहे. साठवू नका असा त्याचा अर्थ नाही, वापरण्याआधी विचारा असा आहे. पान बदललं नसेल तर सर्व्हर फक्त ३०४, म्हणजे 'बदल नाही', एवढंच कळवतो, त्यामुळे शेतकऱ्याचा डेटाही फुकट जात नाही.

तारखेची चूक मात्र माझी. ती जावास्क्रिप्टने फोनवरच उमटायची, म्हणून शिळ्या भावावरही आजचीच दिसायची. आता ती भावाच्या नोंदीतूनच येते, वेळेसकट. काकांना फोन करून हे सांगितलं आणि माफी मागितली.

साडेतीन तारे. लेखांचीच साइट असेल तर बिनधास्त घ्या. माहिती बाहेरून थेट डेटाबेसमध्ये येत असेल, तर पैसे भरण्याआधी 'एका पानाची कॅशे कोडमधून कशी पुसायची' हे लेखी विचारून घ्या. मुदत मार्चमध्ये संपते, मी एक वर्ष वाढवणार आहे.