छोट्या एजन्सीतली नोकरी : क्लायंटला ‘नाही’ कोण म्हणतो?

हे परीक्षण एका छोट्या जाहिरात व डिझाइन एजन्सीचे आहे. तेथे मी काही वर्षे नोकरी केली, आधी कॉपीरायटर (जाहिरातींचा मजकूर लिहिणारा) म्हणून आणि नंतर क्लायंटच्या बाजूचे काम सांभाळत. माणसे जेमतेम चौदा होती. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण तेथे जे घडत होते ते या आकाराच्या बहुतेक एजन्स्यांमध्ये घडत असते, हे त्याच व्यवसायातल्या इतरांशी बोलताना वारंवार जाणवले आहे. शिवाय चौदा जणांच्या कार्यालयाबद्दल निनावी लिहिणे ही नावापुरतीच गोष्ट असते. वाक्याची ठेवण पाहूनच ते कोणी लिहिले हे मालकाला कळते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या परीक्षणांत छोट्या संस्थांना मिळणाऱ्या ताऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये असे माझे मत आहे. त्यातले बरेचसे नुकतीच नोकरी सोडलेल्या रागावलेल्या माणसाचे तरी असतात, नाहीतर ‘जरा दोन ओळी छान लिहा’ या विनंतीवरून आलेले.

प्रथम जे खरोखर चांगले आहे ते. येथे शिकायला जेवढे मिळते तेवढे मोठ्या एजन्सीत त्याच काळात क्वचितच मिळते. मोठ्या ठिकाणी ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवे आहे याचे टिपण, क्लायंट सांभाळणाऱ्या अकाउंट विभागाकडून येतो, नियोजन विभागातून गाळून पुढे सरकतो आणि नवख्या लेखकाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत त्यात ‘तीन मथळे, सायंकाळपर्यंत’ एवढेच उरलेले असते. छोट्या एजन्सीत तोच नवखा लेखक क्लायंटच्या बैठकीत बसलेला असतो. क्लायंट जे बोलतो ते आणि जे बोलायचे टाळतो तेही तो ऐकतो. मी तेथेच पहिल्यांदा एका मोहिमेचे अंदाजपत्रक पाहिले: संकल्पनेचे तास, मांडणीचे तास, छायाचित्रांचे हक्क, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात ‘दोन फेऱ्यांपर्यंतचे बदल समाविष्ट’. ती शेवटची ओळ किती महत्त्वाची आहे हे समजायला मात्र वेळ लागला. तिच्याकडे पुढे येतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे निर्णयांचा वेग. चौदा माणसांत दोघादोघांच्या जोड्या ९१ होतात, चाळीस माणसांत त्या ७८०. म्हणजे माणसे तिपटीलाही पोहोचलेली नसताना बोलण्याच्या वाटा आठपटीहून अधिक वाढतात, आणि मग मंजुऱ्या, बैठकांची इतिवृत्ते, ईमेलच्या प्रती हे सगळे ओघानेच येते. आमच्याकडे त्यातले काहीच नव्हते. संस्थापक स्वतः मसुदा वाचत, खुर्ची ओढून शेजारी बसत आणि ‘दुसरी ओळ पहिली कर, पहिली काढून टाक’ एवढेच सांगून उठत. ज्याने हे काम वर्षानुवर्षे हाताने केले आहे अशा माणसाचा शेरा असा थेट मिळणे ही मोठी गोष्ट आहे, आणि सहकाऱ्यांशी बोलताना कौतुकाचा पहिला मुद्दा जवळजवळ नेहमी हाच असे.

माणुसकीच्या बाबतीतही तक्रारीला फारशी जागा नव्हती, निदान वरवर पाहता. एका सहकाऱ्याच्या वडिलांचे आजारपण लांबले तेव्हा त्याला कोणताही अर्ज न मागता घरून काम करू दिले गेले आणि पगारातला एक पैसाही कापला गेला नाही. हे मी मनापासून चांगले म्हणेन. मात्र त्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या एका सहकारी मुलीने तशाच कारणासाठी विचारले, तेव्हा मोठी पिच (नवे काम मिळवण्यासाठीचे सादरीकरण) तोंडावर होती आणि तिला ‘या आठवड्यात कसे जमेल?’ असे उत्तर मिळाले. संस्थापक दुष्ट नव्हते, पण नियम कोठेही लिहिलेला नसल्यामुळे मिळाली ती कृपा ठरत होती आणि नाकारली गेली तर दाद कोठे मागावी हे कोणालाच माहीत नव्हते. ‘आपण एका कुटुंबासारखे आहोत’ हे वाक्य अशा ठिकाणी फार ऐकू येते. कुटुंबात नोटीस पीरियड नसतो आणि पगारवाढही नसते, एवढे त्यावर पुरे.

माझ्या मते छोट्या एजन्सीची संस्कृती ठरते ती वाढदिवसाच्या केकवरून किंवा हवे ते कपडे घालण्याच्या मुभेवरून नव्हे, तर क्लायंटला ‘नाही’ कोण म्हणतो यावरून. आमच्या एकूण उत्पन्नाचा मोठा भाग एकाच क्लायंटच्या रिटेनरमधून येत असे. रिटेनर म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम आणि तिच्या बदल्यात ठरलेले तास. कागदावर हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा असतो, पण ज्या क्लायंटवर अर्धी एजन्सी चालते त्याच्याशी तासांचा हिशेब करायला कोणी धजत नाही. शुक्रवारी सायंकाळी निघण्याच्या बेतात असताना त्यांच्याकडून संदेश येई, ‘एक छोटासा बदल आहे.’ मथळ्यातला एक शब्द बदलायचा म्हणजे मांडणी बदलणार. मांडणी बदलली की ती सहा आकारांत पुन्हा करायची. आणि सोमवारी सकाळी कळणार की जुनाच शब्द बरा होता. दोन फेऱ्यांची ती बारीक अक्षरांतली ओळ सहाव्या फेरीलाही कोणाला आठवत नसे.

याहून अधिक खुपणारी गोष्ट टाइमशीटची होती. प्रत्येकाने कोणत्या कामावर किती वेळ घालवला हे रोज नोंदवायचे असे, आणि ही पद्धत मुळात योग्यच आहे, कारण एजन्सी शेवटी माणसांचा वेळच विकत असते. परंतु या क्लायंटच्या नावापुढे ठरलेल्या तासांपेक्षा अधिक आकडा दिसू लागला की तोंडी सूचना येई, ‘तेवढे तास त्यांच्यावर टाकू नका, अंतर्गत कामात दाखवा.’ परिणाम असा झाला की जादा काम माणसांनी केले, पण कागदावर ते कधी घडलेच नाही. वर्षाच्या शेवटी पगारवाढीच्या चर्चेत हेच टाइमशीट समोर ठेवून ‘तुमचे बिलेबल तास’, म्हणजे क्लायंटच्या बिलात लावता येणारे तास, ‘कमी दिसतात’ असे सांगितले गेले, तेव्हा खोलीत काय वातावरण झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. मी पाहिलेल्या राजीनाम्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी पगाराचा आकडा नव्हता, ही नोंद होती.

एकदा मात्र याच्या नेमके उलट घडले. एका नव्या क्लायंटने रात्री उशिरा फोन करून आमच्या डिझायनरला अपमानास्पद भाषेत झापले. दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी सर्वांसमोर त्या क्लायंटला फोन लावला, यापुढे बोलणे फक्त आपल्याशी आणि कार्यालयीन वेळेत होईल असे सांगितले, आणि ते मान्य नसल्यास आगाऊ रक्कम परत करण्याची तयारी दाखवली. क्लायंट गेला नाही. पुढचे कित्येक आठवडे कार्यालयात जो उत्साह होता तो कोणत्याही सहलीने आला नसता. म्हणूनच वाटते की संस्थापकांना हे करता येत होते. फक्त मोठ्या रिटेनरपुढे ते करवत नव्हते.

कायद्याचे संरक्षणही अशा संस्थांपर्यंत बहुधा उशिरा पोहोचते. ऑस्ट्रेलियाने कामाच्या वेळेनंतर येणारे अवाजवी फोन व संदेश न घेण्याचा हक्क ऑगस्ट २०२४ मध्ये लागू केला, परंतु पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना त्यासाठी आणखी एका वर्षाची मुदत दिली. छोट्या व्यावसायिकांची अडचण समजण्यासारखी आहे, पण चौदा जणांच्या कार्यालयातला थकवा चाळीस जणांच्या कार्यालयातल्या थकव्यापेक्षा सौम्य नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली आणि त्याचा संबंध नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणाशी जोडला. ताण हाताळण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्याच्या माथी मारणाऱ्यांनी हे शब्द पुन्हा वाचावेत.

बाकी तक्रारी नेहमीच्याच. पदांची नावे भारदस्त आणि पगार त्या मानाने हलका. तिघांच्या विभागाला ‘प्रमुख’ असतो आणि त्याच्या वरची जागा थेट संस्थापकांची, त्यामुळे बढतीला वावच राहत नाही. मनुष्यबळ विभाग नसल्यामुळे तो कारभार हिशेब सांभाळणाऱ्याच व्यक्तीकडे, आणि संस्थापकांविषयीची तक्रार ऐकायला पुन्हा संस्थापकच. विनामोबदला पिचसाठी रात्री जागून केलेल्या संकल्पना हरल्यावर कोठे जातात हेही कोणी सांगत नाही, जरी त्यांतली एखादी काही महिन्यांनी दुसऱ्याच्या नावावर झळकलेली दिसते.

एवढे असूनही, काम शिकण्याची भूक असलेल्या आणि अंगावर एकट्याचा खर्च असलेल्या तरुणाला मी अशा एजन्सीत दोन-तीन वर्षे जरूर काढायला सांगेन. घराची जबाबदारी असलेल्या, ठरलेल्या वेळी निघणे भाग असलेल्या माणसाला मात्र सांगणार नाही, निदान मुलाखतीत काही गोष्टी विचारून घेतल्याशिवाय नाही. सर्वांत मोठ्या क्लायंटकडून उत्पन्नाचा किती हिस्सा येतो? ठरलेल्या तासांपलीकडचे काम कोणाच्या नावावर नोंदवले जाते? रजेचे नियम कागदावर आहेत का, आणि असल्यास तो कागद आत्ता पाहता येईल का? मागच्या वर्षी किती माणसे सोडून गेली व त्यांचा अंतिम हिशेब किती दिवसांत झाला? या प्रश्नांना उत्तर म्हणून ‘तुम्ही आधी रुजू तर व्हा, मग पाहू’ असे आले, तर ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी तेथून सोडून गेलेल्या एखाद्या माणसाला गाठून बोलून घ्यावे. या व्यवसायात तो सापडायला वेळ लागत नाही.