आपल्या माणसाने विकलेले बूट

गेल्या ऑक्टोबरात, हंगाम उघडल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी, माताउरा नदीत मांडीभर पाण्यात उभा असताना माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला आणि माझ्याआधी गोर गावाकडे वाहत निघाला. मी बघतच राहिलो. पुढचं पाऊल टाकलं आणि मीही त्याच्या मागोमाग निघालो.

न्यूझीलंडच्या या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलच्या आसपास, आता आपली बरीच मंडळी आहेत. कोणी डेअरी फार्मवर, कोणी हॉस्पिटलात. एखाददुसरा हिवाळा काढला की त्यातले काही नदीकडे वळतात, आणि मग मला फोन येतो, की वेडर कुठून घेतलेस? त्या प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

मी मूळचा चिपळूणचा. वाशिष्ठीवर गरवायला जायचो तेव्हा पायात असलीच तर रबरी स्लिपर, नाहीतर तीही नाही. नदीत मगरी आहेत हे ठाऊक असून. त्यामुळे मासे धरायला जाताना छातीपर्यंतची पँट आणि खास बूट लागतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं होतं. इथल्या पाण्यात एकदा उघड्या पायांनी पाच मिनिटं उभा राहिलो आणि हसू गेलं. डोंगरावरचा बर्फ वितळून आलेलं पाणी असतं ते. पिंडऱ्या आधी दुखतात, मग दुखायच्या थांबतात, आणि थांबल्या की काळजी करायची.

वेडर म्हणजे छातीपर्यंत येणारी, पाणी न शिरणारी पँट. पूर्वी जाड निओप्रीनच्या, म्हणजे स्पंजसारख्या रबराच्या असायच्या. आता बहुतेक लोक ब्रीदेबल कापडाच्या घेतात. त्यात थरांच्या मधे एक पातळ पडदा असतो, जो घामाची वाफ बाहेर सोडतो पण पाणी आत येऊ देत नाही. पायाशी निओप्रीनचे मोजे जोडलेले असतात आणि त्यावर वेगळे बूट घालायचे. बुटांचं काम एकच, गोट्यांवरून घसरू द्यायचं नाही. नवं घ्यायचं तर साध्यातल्या साध्या जोडीलाही पाचशे-सहाशे डॉलर सहज जातात, नामांकित कंपनीचं घेतलं तर हजाराच्या पुढे. घरी मुलीच्या शाळेचा खर्च, भारतात घराचा हप्ता. वर्षातून पंधरा-वीस दिवसांच्या हौसेसाठी हजार डॉलर काढवेनात, म्हणून सेकंडहँड बघायला लागलो.

जाहिरात मोठी नीटनेटकी होती. अमेरिकन कंपनीच्या ब्रीदेबल वेडर, 'दोनदाच वापरलेल्या', आणि बूट 'बॉक्समधून न काढलेले'. दोन्ही मिळून ३९० डॉलर. विकणाऱ्याच्या नावावरून वाटलं की आपल्याकडचा असावा. साइटवर इंग्रजीत प्रश्न टाकला, तर त्याने नंबर मागून घेतला आणि संध्याकाळी फोन केला. पहिलं वाक्य मराठीत.

"दादा, आडनावावरून ओळखलं मी. कोकणातले ना?"

तिथेच मी अर्धा गेलो. परदेशात महिनोन्महिने घराबाहेर मराठी ऐकू येत नाही, तेव्हा कोणी 'दादा' म्हटलं की माणूस नको तितका सैल पडतो. ऑकलंडला राहतो म्हणाला, आईची तब्येत बरी नाही म्हणून कायमचं परत चाललोय, सामान काढतोय. "माझ्या साइझचेच नाहीत हो बूट, काय करू, गिफ्ट आले होते. म्हटलं कोणी आपल्या माणसानेच वापरावेत." मग आवाज थोडा खाली आणून, "साइटवरून घेतलंत तर ते कमिशन कापतात. तुम्ही सरळ खात्यात टाका, मी तुम्हाला तीस कमी करतो." मी टाकले. ३६० डॉलर, एका बोटाने, जेवता जेवता. बायको म्हणाली, पावती? मी म्हटलं, अगं आपला माणूस आहे.

आता मागे बघताना सगळं स्पष्ट दिसतं, आणि त्याचाच राग येतो. जाहिरातीत बुटांचे पाच फोटो होते. चार घरच्या कार्पेटवर काढलेले, सगळे बाजूने. तळाचा एकच, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चकचकीत, म्हणजे उघडच कुठल्यातरी कॅटलॉगमधून उचललेला. वेडर बाहेरून दाखवलेली, आतून एकदाही नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर वाईट दिसलं असतं ना, आपल्या माणसाला!

पार्सल आठवड्याने आलं. बुटाच्या खोक्यावर ११ नंबर छापलेला, आत १० चे बूट. "खोकं दुसरं वापरलं दादा, पॅकिंगला." बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला कंपनीची, तारीख छापलेली पट्टी असते, ती कात्रीने कापलेली होती. मला वाटलं टोचत असेल म्हणून कापली. न घातलेला बूट कोणाला टोचणार, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तळ रबराचा होता, कडेला गोंदाची चमकदार रेघ दिसत होती, आणि मी समजलो की नवा माल असाच असतो. संध्याकाळी सगळं अंगावर चढवून हॉलमध्ये उभा राहिलो आणि चिपळूणला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "मासे धरायला चाललायस की चंद्रावर?"

माताउरा ही इथली मोठी नावाजलेली ट्राउटची नदी. गोर गावात तर ट्राउटचा भला मोठा पुतळाच उभा आहे, आणि गाव स्वतःला ब्राउन ट्राउटची जागतिक राजधानी म्हणवतं. मासा मात्र मूळचा इथला नव्हे. त्याची अंडी १८६७ मध्ये टास्मानियातून आणली गेली, आणि टास्मानियात ती त्याआधी इंग्लंडहून गेली होती. आमच्यासारखाच स्थलांतरित, फक्त आधी आलेला. त्या दिवशी ढग होते, वारा बेताचा, गोरच्या वरच्या अंगाला एका वळणावर मासे वर येत होते. दोन तास मजेत गेले. डाव्या मांडीला गारवा लागत होता, पण घाम असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग तळ सुटला. पडल्यावर काय होतं ते सांगतो, कारण लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा तळाला जातो, असं म्हणतात. तसं होत नाही. आत पाणी, बाहेर पाणी, पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही. ते जाणवतं काठावर चढताना, तेव्हा चार बादल्या घेऊन चढल्यासारखं वाटतं. खरा धोका घाबरून उभं राहण्याच्या धडपडीत असतो, पाय दोन गोट्यांत अडकला तर. कामावरच्या एका जुन्या माणसाने मला कमरेचा पट्टा आवळायला आणि पडलास तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने, एवढं शिकवलं होतं. त्या पट्ट्याने पाणी हळू शिरलं. वीसेक मीटर खाली एका उथळ जागी मी थांबलो. टोपी गेली, गुडघा सोलला, रीळ वाळूने भरलं.

काठावर एक म्हातारे गृहस्थ सगळं बघत उभे होते. मदतीला आले, थर्मासमधला चहा दिला, आणि मग माझ्या उजव्या बुटाकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. रबर गेलं होतं आणि खालून फेल्ट दिसत होतं, दाबून केलेला जाड नमदा असतो तसं. त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं. इथल्या मासेमारीवर देखरेख करणाऱ्या फिश अँड गेम संस्थेचे मानद रेंजर निघाले! आधी लायसन्स पाहिलं, मग मला खडसावलं.

फेल्ट हा वाईट तळ नव्हे. बुळबुळीत दगडावर त्याच्याइतकी पकड साध्या रबराला येत नाही, म्हणून जगभर लोक वर्षानुवर्षं तेच वापरत आले. पण तो वाळता वाळत नाही, आणि त्या ओल्या तंतूंत डिडिमो नावाचं एकपेशी शेवाळ जिवंत राहतं. ते २००४ मध्ये इथे साउथलंडमधल्याच वायाउ नदीत सापडलं. दगडांवर तपकिरी गोधडी पसरल्यासारखं दिसतं, हाताला मात्र ओल्या लोकरीसारखं लागतं. एका थेंबातून दुसऱ्या नदीत जाऊ शकतं. म्हणून २००८ पासून या देशात फेल्टच्या तळाचे बूट घालून मासेमारी करायला बंदी आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानानेही २०१८ मध्ये तीच बंदी घातली. वर रबर चिकटवलं म्हणून फेल्टचं रबर होत नाही, असं त्या आजोबांनी मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, नदीला त्याचं काय? ताकीद देऊन सोडलं, आणि बूट पुन्हा कुठल्याही पाण्यात दिसता कामा नयेत म्हणाले. जाताना, घरी जाऊन बाकीचं सगळं भांडी घासायच्या लिक्विडच्या पाच टक्के द्रावणात धू, हेही बजावलं.

घरी आल्यावर गॅरेजमध्ये मी शवविच्छेदन केलं. डावा तळ नखाने सुटला. पातळ रबरी चादर, फेल्टच्या आकारात कापलेली, वर खाचा पाडलेल्या. फेल्ट आणि बूट यांच्यामधला थर बोटाने चुरगळत होता, शिळ्या बिस्किटासारखा. हे मला नंतर कळलं: पॉलियुरेथेनचा तळ न वापरताही मरतो. हवेतल्या दमटपणाने त्याचे रेणू तुटत जातात, आणि कपाटात दहाबारा वर्षं पडलेला 'कोरा' बूट पहिल्याच दिवशी विरघळतो. म्हणजे त्याने 'कधीच न वापरलेले' म्हटलं ते कदाचित खरंही असेल. म्हणूनच ती तारखेची पट्टी कापलेली होती.

वेडर उलटी केली. शिवणींवर आतून जी पट्टी चिकटवलेली असते ती जुन्या स्टिकरसारखी उचकटून आली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आतून फवारलं. ब्रीदेबल कापडाला बारीक भोक असेल तर तिथे काळा ठिपका उमटतो. सतरा मोजले आणि थांबलो. मांडीजवळ तर कुणीतरी आतून पारदर्शक गोंद फासून वर टाल्कम पावडर मारली होती. तो वास पहिल्या दिवशी आला होता मला. वाटलं होतं, किती स्वच्छ ठेवलंय.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला, "दादा, मी एअरपोर्टवर आहे." दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा नंबरच बंद.

बँकेने सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरच्या बँकेला विचारू, पण आशा धरू नका. साइटने हात वर केले, व्यवहार त्यांच्याबाहेर झाला होता, आणि त्यांचं काही चुकलं असं मीही म्हणू शकत नाही. त्या तीस डॉलरच्या बदल्यात मी नेमकं तेच संरक्षण विकलं होतं. पोलिसांच्या १०५ नंबरवर तक्रार नोंदवली. इथला १९९३ चा ग्राहक हमी कायदा चांगला आहे, पण तो धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागतो, घरातलं सामान काढणाऱ्याला नाही. खासगी विक्रेत्याने खोटं सांगून माल गळ्यात मारला तर २०१७ चा करारविषयक कायदा आहे, आणि वकिलाशिवाय जाता येतं असं डिस्प्युट्स ट्रिब्युनल आहे. तिथे गेलोही. अर्जावर पहिलाच रकाना समोरच्या पक्षाच्या पत्त्याचा. माझ्याकडे पत्ता म्हणून काय होतं, तर कुरिअरच्या डेपोचा शिक्का.

दुकानातून नवे बूट घेतले तेव्हा निओप्रीनच्या मोज्यांसकट घालून बघितले. नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठे लागले. तळ रबराचा, त्यात टंगस्टन कार्बाइडचे खिळे. वेडर मात्र पुन्हा सेकंडहँडच घेतली, पण समोर जाऊन. गृहस्थाने स्वतःच म्हटलं, काळोख्या खोलीत आत टॉर्च घालून बघ. एक ठिपका दिसला, त्याने तो पेनाने खुणावला आणि किंमत उतरवली. नाव, पत्ता, पावती, सगळं न मागता. मराठीचा एक शब्द येत नव्हता त्याला.

गेल्या महिन्यात सहज बघत होतो. नवं नाव, नवी जाहिरात, ३५० डॉलर, आणि तेच तपकिरी कार्पेट, कोपऱ्यात चहाचा तोच डाग. मी जाहिरातीची तक्रार केली. मग राहवेना म्हणून बायकोच्या फोनवरून कॉल केला आणि तिलाच बोलायला लावलं.

"ताई, माझ्या साइझचेच नाहीत हो बूट, काय करू, गिफ्ट आले होते."

तिने विचारलं, "एक काम कराल का? व्हिडिओ लावून तळाच्या कडेला जरा नख घालून दाखवता?"

तिकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "ताई, मी एअरपोर्टवर आहे."